करंगळी

वाशीच्या सेक्टर सतरात, झेरॉक्सवाल्याच्या वर,
दोन गिटारी माझ्यासमोर स्टँडवर,
आणि शेल्डन म्हणतो, घाई नाही अंकल, वाजवा.

अंकल.
बरं.

पांढरी आधी घेतली.
कोरी, पिकअपवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही.
तिला पाच खटक्यांचा स्विच.
पुढे ओढला की हळदीतला आवाज,
ताशाला छेद देऊन मांडवाबाहेर जाणारा.
मधे आणला की सीवूड्सच्या सोसायटीत
लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, जुनी गाणी,
आजोबांच्या हातात माइक, सोडत नाहीत.
चौथ्यावर ऐरोलीचं चर्च.
पाचवा कशाला लागेल माहीत नाही,
पण लागेल. आमच्या धंद्यात सगळं लागतं.
मढवीने बजावून पाठवलंय:
बेंजो पार्टीला एकच गिटार परवडते,
तिला सगळं यायला पाहिजे.

आणि तिला खरंच सगळं येत होतं.
मी विचारत होतो, ती उत्तरं देत होती,
बरोबर उत्तरं,
बँकेच्या काउंटरवरच्या पोरीसारखी,
माझ्याकडे न बघता.

तपकिरी जुनी.
कोपरखैरण्याचा कुणी पोरगा कॅनडाला जाताना ठेवून गेला.
पाठीवर बेल्टच्या बकलाचे ओरखडे,
मानेचं पॉलिश अंगठ्याने खाल्लेलं, नेमकं एका जागी,
जात्याच्या खुंट्यासारखं गुळगुळीत.
वजन म्हणाल तर सिलिंडर.
आवाज दोनच:
एक जागा असलेला,
एक झोपेतून उठवलेला.

शेल्डन प्रामाणिक. म्हणाला,
ही हट्टी आहे थोडी, हिच्यावर सगळं होत नाही.

मी म्हटलं, अॅम्प बंद कर जरा.

रबाळ्याच्या कंपनीत, पॉवर प्रेसखाली,
सात वर्षांपूर्वी माझ्या डाव्या करंगळीचं वरचं पेर राहिलं.
कंपनीने चौऱ्याऐंशी हजार दिले
आणि त्या दिवाळीला मिठाईचा मोठा डबा.
तेव्हापासून एक कॉर्ड मी टाळतो.
गाण्यात ती आली की दुसरीच धरतो, जवळपासची,
आणि मान हलवतो, म्हणजे लोकांना मुद्दाम वाटावं.
कुणाला कळलं नाही.
हरेश्वरला कळलं असेल. तो कीबोर्डवर त्या जागी
एक सूर जादा दाबतो. बोलत नाही.

तपकिरीच्या पट्ट्या जवळ जवळ.
अर्ध्या करंगळीला कुणी सांगितलं कोण जाणे,
ती गेली.
मी पाठवली नव्हती.
गेली आणि तारेवर उभी राहिली,
शेजारच्या घरात न विचारता शिरणाऱ्या पोरासारखी,
आणि खालच्या रिक्षांच्या गोंगाटात
कानाला जेमतेम कळेल अशी ती कॉर्ड
लाकडातून माझ्या बरगडीत आली.

परत पांढरी घेतली. अन्याय नको म्हणून.
करंगळी अर्ध्या वाटेत थांबली.

मढवीचा फोन. आनलीस का रं?
आनली.
आवाज किती हायेत?
दोन.
तो गप्प. मागे कुणीतरी ढोलकी चढवत होतं.
आन बाकीचे?
बाकीचे हरेश्वर बघंल.
त्याने एक शिवी दिली. मग म्हणाला,
काळी हाय का निदान?
शनिवारी गोठिवलीला आपला ड्रेस काळा हाय.
तपकिरी, म्हटलं.

तीन टाकीच्या सिग्नलला स्कूटर थांबवली.
पायांच्या मधे ती, बॅगेत उभी.
बॅगेवरूनच मान धरली, करंगळी टेकवली.
हिरवा झाला तरी तिथेच.
मागून टेम्पोने हॉर्न लावला.
सुरात नव्हता,
पण फार लांबही नव्हता.